चार सभागृहांकडून त्यांचेच विसर्जन मंजूर करून घेणारा मंत्री : लुई दे येर आणि स्वीडनची 1865 ची सुधारणा

एखाद्या सभागृहाचा अधिकार काढून घ्यायचा असेल आणि त्याला त्याच सभागृहाची संमती लागत असेल, तर काय करायचे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्वीडनपुढे हा प्रश्न चौपट होऊन उभा होता. तिथल्या संसदेत, म्हणजे रिक्सदागमध्ये, चार सभागृहे होती: उमरावांचे, धर्मगुरूंचे, नगरवासीयांचे आणि शेतकऱ्यांचे. चौघे वेगवेगळे बसत, वेगवेगळी चर्चा करत, आणि प्रत्येक सभागृहाचे मत एकच धरले जाई. साध्या कायद्याला चारपैकी तिघांची संमती पुरत असे. राज्यघटना बदलायची तर चौघांचीही लागे, शिवाय राजाची. त्यातही बदलाचा प्रस्ताव एका अधिवेशनात मांडून पुढच्या अधिवेशनापर्यंत तसाच ठेवावा लागे, आणि मग त्यावर फक्त होय किंवा नाही एवढेच म्हणता येई. मधल्या काळात त्यातला शब्दही बदलण्याची मुभा नव्हती.

1865 च्या डिसेंबरमध्ये या चौघांनीही होय म्हटले. रक्तपात झाला नाही, राजा पळून गेला नाही, सैन्याला गोळी झाडावी लागली नाही. या घटनेचे श्रेय ज्या माणसाला जाते, तो लुई दे येर पुढे 1876 मध्ये स्वीडनचा पहिला पंतप्रधान झाला आणि 1880 मध्ये, त्याने स्वतः उभ्या केलेल्या संसदेपुढे हतबल होऊन पायउतार झाला. या दोन घटना वेगळ्या सांगितल्या जातात. माझ्या मते त्या एकच आहेत. ज्या हिशेबाने सुधारणा मंजूर झाली, त्याच हिशेबाने तिच्या कर्त्याचे हात बांधले.

अडचण किती जुनी होती

चार सभागृहांची पद्धत शतकानुशतके चालत आली होती. 1809 ची राज्यघटना आणि 1810 चा रिक्सदागचा कायदा यांनी राजाची सत्ता आवळली, पण सभागृहांची रचना जशीच्या तशी ठेवली. दरम्यान समाज बदलत गेला. उमराव घराण्याच्या प्रमुखाला जन्माने आसन मिळे, त्याला कुणी निवडून द्यावे लागत नसे. पण गावाकडे मोठी जमीन राखून असलेला, उमराव नसलेला माणूस कुठल्याच सभागृहात बसत नसे. तो शेतकरी म्हणून मोजला जात नव्हता, नगरवासी तर नव्हताच. वकील, डॉक्टर, अभियंते यांची गतही तशीच. ठिगळे लावण्याचे प्रयत्न झाले: 1823 मध्ये विद्यापीठांच्या प्रतिनिधींना धर्मगुरूंच्या सभागृहात जागा मिळाली, 1828 मध्ये लोखंडाच्या कारखानदारांना नगरवासीयांच्या. भूमिहीन मजूर आणि नोकरचाकर यांचा तर कुणी विचारही केला नव्हता.

मार्च 1848 मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे सुटले तेव्हा स्टॉकहोमच्या रस्त्यांवरही दंगल झाली आणि सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर राजा पहिला ऑस्कर याच्या सरकारने सुधारणेचा प्रस्ताव मांडला. घटनेप्रमाणे तो पुढच्या अधिवेशनात आला, तोवर युरोपातली क्रांती विझली होती, आणि 1850-51 च्या अधिवेशनात तो बारगळला. भीतीच्या भरात मांडलेला प्रस्ताव भीती ओसरली की पडतो, हे त्या वेळी दिसून आले. दे येरने पुढे जे केले त्यात या अनुभवाचा मोठा वाटा असावा असे मला वाटते. त्याने भीतीवर फारशी मदार ठेवली नाही. ज्याला नकार द्यायचा आहे त्याला होकारात काय मिळेल, हे त्याने एकेका सभागृहापुरते पाहिले.

माणूस

दे येर 1818 मध्ये फिन्स्पोंगच्या गढीत जन्मला. घराणे मूळचे आजच्या बेल्जियममधल्या लीएज भागातले. सतराव्या शतकात त्याचा पूर्वज, त्याच्याच नावाचा लुई दे येर, तोफा आणि लोखंडाच्या व्यापारात स्वीडनमध्ये आला आणि गडगंज झाला. नातवंडांच्या नातवंडांपर्यंत घराणे बॅरन म्हणून रिक्सदागमध्ये बसत होते. हा लुई मात्र न्यायखात्यात वाढला. तरुणपणी त्याने कादंबऱ्याही लिहिल्या, पण नाव झाले ते न्यायाधीश म्हणून. 1855 मध्ये तो योनशॉपिंग येथील गोता उच्च न्यायालयाचा अध्यक्ष झाला आणि एप्रिल 1858 मध्ये, चाळिशीही गाठली नसताना, न्यायमंत्री. त्या काळी पंतप्रधान हे पद नव्हते. न्याय आणि परराष्ट्र या दोन खात्यांचे दोन मंत्री वरिष्ठ समजले जात, आणि त्यांतला न्यायमंत्री व्यवहारात सरकारचा प्रमुख असे.

सभा जिंकणारा वक्ता म्हणून त्याची ख्याती नव्हती. त्याची ताकद मसुद्यात होती: काय लिहायचे, काय सोडायचे, कुठल्या क्रमाने आणायचे. पहिल्या काही वर्षांत त्याच्या सरकारने बरेच काही हातावेगळे केले. 1860 मध्ये राज्यधर्म सोडणाऱ्यांवरचा हद्दपारीचा जाच संपला. 1863 मध्ये पंचविशी ओलांडलेली अविवाहित स्त्री आपोआप सज्ञान मानली जाऊ लागली, तिला त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा लागेना. 1864 मध्ये नवी दंडसंहिता आली, आणि त्याच वर्षी अर्थमंत्री योहान आउगुस्ट ग्रीपेनस्टेट याच्या पुढाकाराने व्यवसायस्वातंत्र्याचा कायदा.

इथे एक आडवाट घेतली पाहिजे, कारण राजाचे काय हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. 1859 पासून गादीवर कार्ल पंधरावा होता. रुबाबदार, लोकप्रिय आणि स्वतःच्या मनाने चालू पाहणारा. नॉर्वे आणि स्वीडन तेव्हा एका राजाखाली होते. नॉर्वेतले राज्यपालपद रद्द करायला मंजुरी देण्याचा शब्द त्याने नॉर्वेवाल्यांना दिला होता. स्वीडिश मंत्र्यांनी त्याला तो शब्द मागे घ्यायला लावला. 1863 च्या उन्हाळ्यात त्याने डेन्मार्कच्या राजाला जर्मनांविरुद्ध 22,000 सैनिकांचे आश्वासन दिले. 8 सप्टेंबर 1863 रोजी उलरिक्सदाल राजवाड्यातल्या बैठकीत ग्रीपेनस्टेट आणि दे येर यांनी त्याला पुढे जाऊ दिले नाही. 1864 मध्ये डेन्मार्कवर युद्ध कोसळले तेव्हा स्वीडन त्यात उतरले नाही. ते उतरले असते तर पुढच्या वर्षीचे मतदान शांतपणे पार पडले असते असे मला वाटत नाही. राजाला घटनादुरुस्तीची ओढ नव्हती, पण मंत्र्यांविना राज्य चालवणे आता अवघड आहे हे या दोन प्रसंगांनी त्याला पुरते कळले होते.

मसुदा

1859-60 च्या अधिवेशनात नगरवासी आणि शेतकरी या दोन सभागृहांनी सुधारणेची मागणी केली. दे येरने प्रस्ताव स्वतः लिहायला घेतला. तो 5 जानेवारी 1863 रोजी रिक्सदागपुढे आला.

चारऐवजी दोन सभागृहे. दुसऱ्या सभागृहात 190 सदस्य, मुदत 3 वर्षे. मतदार म्हणजे ठरावीक मालमत्तेचा किंवा उत्पन्नाचा पुरुष: 1,000 रिक्सदालर (तेव्हाचे स्वीडिश चलन) आकारणीची, म्हणजे करासाठी तेवढी किंमत धरलेली, जमीन किंवा घर, अथवा 800 रिक्सदालर वार्षिक उत्पन्न, अथवा 6,000 रिक्सदालर आकारणीची जमीन किमान 5 वर्षांच्या खंडाने. पहिल्या सभागृहात 125 सदस्य, मुदत 9 वर्षे, वेतन नाही, वय किमान 35, आणि उमेदवाराकडे 80,000 रिक्सदालर आकारणीची स्थावर मालमत्ता किंवा 4,000 रिक्सदालर वार्षिक उत्पन्न हवे. साऱ्या देशात ही अट पुरी करणारे सुमारे 6,000 लोक होते. या सदस्यांची निवड जिल्हा परिषदा आणि मोठ्या शहरांच्या नगरपरिषदा करणार होत्या.

या आकड्यांत सगळे राजकारण भरले आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

नगरवासीयांना मिळाले ते असे: दुसऱ्या सभागृहात शहरांना दर 10,000 लोकांमागे एक जागा, तर ग्रामीण मतदारसंघाला 40,000 पर्यंत एक. शहरे लहान होती, लोक कमी होते, तरी आवाज मोठा राहिला. शेतकऱ्यांना मिळाले बहुमत, कारण स्वतःच्या जमिनीचा खातेदार शेतकरी मालमत्तेच्या अटीत सहज बसत होता आणि ग्रामीण जागा जास्त होत्या. धर्मगुरूंना मिळाली चर्च परिषद. नोव्हेंबर 1863 मध्ये तिची स्थापना झाली, 30 धर्मगुरू आणि 30 सामान्य सदस्य, आणि चर्चविषयक कायद्यांना तिची संमती आवश्यक ठरली. धर्मगुरूंचे सभागृह जाणार होते, पण धर्माच्या बाबतीत त्यांच्या संमतीशिवाय पान हलणार नव्हते.

उमरावांचे काय? त्यांचे उत्तर प्रस्तावात फारसे दिसत नाही. ते आधीच, मार्च 1862 मध्ये, वेगळ्या कायद्यात लिहून ठेवले होते. त्या वर्षीच्या स्थानिक स्वराज्याच्या नियमांनी जिल्हा परिषदा निर्माण केल्या, आणि स्थानिक निवडणुकीत मते कराच्या प्रमाणात वाटली. जितका कर तितकी मते. कंपन्यांनाही मते होती. स्वतः कर भरणाऱ्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही होती, हे त्या काळात विलक्षणच. शहरांत एका मतदाराच्या मतांवर मर्यादा घातली होती, खेड्यांत नव्हती. परिणाम असा की 1871 मध्ये 54 ग्रामपंचायतींत एकाच मतदाराकडे निम्म्याहून अधिक मते होती. अशा गावांतून जिल्हा परिषद तयार होणार आणि जिल्हा परिषदेतून पहिले सभागृह.

क्रम लक्षात घ्या. आधी जिल्हा परिषदा, मग संसदेचा प्रस्ताव, मग जवळजवळ तीन वर्षांची सक्तीची वाट. या तीन वर्षांत जिल्हा परिषदा भरू लागल्या, मोठे जमीनदार त्यांत बसू लागले, आणि नव्या संसदेत आपली जागा कुठे असेल हे त्यांना कागदावर वाचावे लागले नाही. ते रोज दिसत होते. 1848 चा प्रस्ताव वाट पाहण्यातच मेला होता. यावेळी वाट पाहण्याचा काळ प्रस्तावाच्या बाजूने काम करत होता. दे येरच्या साऱ्या कारकिर्दीत मला हाच भाग सर्वात कौतुकाचा वाटतो.

डिसेंबर 1865

प्रस्ताव मतदानाला येणार त्या आठवड्यात प्रांताप्रांतांतून शिष्टमंडळे स्टॉकहोमला आली. रिद्दारहूसेतसमोरच्या चौकात, म्हणजे उमरावांच्या सभागृहाबाहेर, गर्दी जमू लागली. सैन्य तयार ठेवले होते. 4 डिसेंबरला नगरवासीयांनी मोठ्या बहुमताने आणि शेतकऱ्यांनी एकमुखाने होकार दिला. धर्मगुरू थांबले. त्यांचे अध्यक्ष आर्चबिशप हेन्रिक रॉइटरडाल आणि मंडळी उमरावांकडे पाहत होती. नकाराचा दोष आपल्या माथी नको आणि होकाराची घाई करणारेही आपण नको, असा तो हिशेब होता.

उमरावांची चर्चा 4 ते 7 डिसेंबर अशी चार दिवस चालली. विरोधकांत काउंट आर्विद पोस्से हा दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातला मोठा जमीनदार होता. त्याचे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते. चार सभागृहांमुळे कुठलाही एक वर्ग इतरांवर कुरघोडी करू शकत नाही, दोन झाली की पैसा एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला असे उभे राहतील, आणि मध्ये कुणीच उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे काय घडले ते पाहता हा इशारा मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो.

7 डिसेंबरला मतमोजणी झाली. बाजूने 361, विरोधात 294. अंतर 67 मतांचे. दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी मतमोजणीशिवायच होकार दिला. रस्त्यांवर जल्लोष झाला. 22 जून 1866 रोजी राजाने नव्या रिक्सदाग कायद्यावर सही केली आणि चार सभागृहांची पद्धत संपली.

बाहेरच्या गर्दीमुळे उमराव घाबरले आणि म्हणून मत दिले, असे कधी कधी लिहिले जाते. गर्दीचा परिणाम झाला नाही असे मी म्हणणार नाही. पण चार दिवस बाहेर लोक उभे असतानाही 294 जणांनी बिनदिक्कत विरोधात मत दिले. बाकीच्यांना फक्त भीती असती तर धर्मगुरूंसारखे मोजणीशिवाय उरकले असते. मला वाटते, निर्णायक होती ती हमी: सभागृह जाईल, पण पहिले सभागृह आपलेच असेल. तसेच झाले. जानेवारी 1867 मध्ये नवी संसद भरली तेव्हा पहिल्या सभागृहात उमराव, मोठे जमीनदार आणि वरिष्ठ अधिकारी यांचेच वर्चस्व होते.

नवी संसद, जुना मंत्री

1867 मध्येच दुसऱ्या सभागृहात शेतकऱ्यांचा पक्ष उभा राहिला, लान्टमान्ना पक्ष. त्याच्या नेत्यांत शेतकरी कार्ल इवार्सोन होता, एमिल केय हा जमीनदार होता, आणि सर्वात पुढे होता काउंट आर्विद पोस्से. दोन वर्षांपूर्वी ज्या संसदेच्या विरोधात तो बोलला होता, तिच्यातला सर्वात बलवान पक्ष आता त्याच्या हाती होता.

पक्षाची मागणी जुन्या दुखण्यातून आली होती. शेतकऱ्याच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या एक जमीनपट्टी होती, आणि उमरावांच्या बऱ्याच जमिनीला ती माफ होती. शिवाय सतराव्या शतकाच्या अखेरीस राजा अकराव्या कार्लने बसवलेल्या पद्धतीप्रमाणे काही शेतांच्या गटाने मिळून एक सैनिक पोसायचा, त्याला घर आणि तुकडाभर जमीन द्यायची. सरकारला सैन्य आधुनिक करायचे होते. 1864 मध्ये डेन्मार्कचे आणि 1870-71 मध्ये फ्रान्सचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले होते. शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते: आधी जमीनपट्टी आणि सैनिक पोसण्याचा भार काढा, मग सक्तीच्या लष्करी सेवेचे बोलू. 1873 मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र सोडवाव्यात असे तत्त्व मान्य झाले. तत्त्व मान्य झाले, पण तपशील ठरेना. जमीनपट्टी काढली की तिजोरीचा खड्डा कोण भरणार, हे पहिल्या सभागृहातल्या धनिकांना आवडणारे नव्हते.

इथे मसुद्याचा दुसरा अर्थ दिसू लागतो. खर्चाच्या प्रश्नावर दोन सभागृहांत मतभेद झाला तर दोघांची मते एकत्र मोजली जात, म्हणजे 190 सदस्यांचे दुसरे सभागृह 125 च्या पहिल्याला मागे टाकू शके. पण कायद्याला दोन्ही सभागृहांची वेगवेगळी संमती लागे. लष्करी सेवा हा कायद्याचा विषय होता. म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष तो नुसता अडवून धरू शकत होता आणि पहिले सभागृह करसवलत अडवू शकत होते. दोघांना एकमेकांच्या जवळ आणील असे काहीही रचनेत नव्हते. मंत्रिमंडळ बहुमतातून येत नव्हते, ते राजा नेमत होता. चार वर्गांना समाधान देताना दे येरने दोन बुरूज बांधले, आणि त्यांच्यामध्ये उभे राहायचे काम मंत्र्यांकडे आले, पाठीशी पक्ष नसलेल्या मंत्र्यांकडे.

1870 मध्ये दे येर बाजूला झाला. आक्सेल आडलरक्रॉइट्स आणि मग एडवर्ड कार्लसोन यांनी तेच ओझे वाहून पाहिले. 1875 मध्ये राजा दुसरा ऑस्कर याने दे येरला परत बोलावले. 20 मार्च 1876 रोजी दोन वरिष्ठ मंत्र्यांची जुनी पद्धत जाऊन एकच पंतप्रधान हे पद निर्माण झाले, आणि दे येर त्यावर बसला. मंत्रिमंडळाला एक प्रमुख असावा ही गरज खरी होती, आणि पद पुढे टिकलेच. पण त्या वेळी पंतप्रधानाच्या हातात नवे काय आले? नाव आणि अध्यक्षपद. दुसऱ्या सभागृहातले एकही मत त्यामुळे वळले नाही.

1880 मध्ये त्याने सैन्यसुधारणेचा प्रस्ताव पुन्हा नेला. दुसऱ्या सभागृहाने तो फेटाळला. 19 एप्रिल 1880 रोजी तो पायउतार झाला आणि त्याच्या जागी आला आर्विद पोस्से.

पोस्से हा या प्रकरणाचा सर्वात चांगला पुरावा आहे. बहुमताच्या पक्षाचा नेता पंतप्रधान झाला की गाडा चालेल, असे बऱ्याच लोकांना वाटले. त्यानेही जमीनपट्टी आणि सैन्य यांची एकत्र मोट बांधून पाहिली. 1883 मध्ये त्याच्या लष्करी प्रस्तावाला स्वतःच्याच जुन्या पक्षाने साथ दिली नाही आणि तोही गेला. माणूस बदलून प्रश्न सुटला नाही, कारण प्रश्न माणसाचा नव्हता. 1885 मध्ये जमीनपट्टी आणि लष्करी भार 30 टक्क्यांनी कमी करून सक्तीच्या प्रशिक्षणाचे दिवस थोडे वाढवले गेले. पुरता निकाल लागायला 1892 उजाडले. तेव्हा एरिक गुस्ताव बूस्ट्रोम याच्या सरकारने खास अधिवेशन बोलावून जमीनपट्टी टप्प्याटप्प्याने रद्द करण्याच्या बदल्यात 90 दिवसांचे प्रशिक्षण मंजूर करून घेतले. शेतांच्या गटांनी सैनिक पोसण्याची पद्धत तर 1901 मध्ये मोडीत निघाली.

दे येरवर टीका करायची तर ती या मुद्द्यावर करावी. मालमत्तेच्या अटीमुळे प्रौढ पुरुषांतले सुमारे एक पंचमांशच दुसऱ्या सभागृहाचे मतदार ठरले, हे खरे, आणि कराप्रमाणे मते मोजण्याची पद्धत अन्यायाचीच होती. पण 1865 मध्ये यापेक्षा रुंद मताधिकार मांडला असता तर 361 चा आकडा दिसला नसता. त्याची खरी उणीव अशी की त्याने प्रत्येक वर्गाला नकाराधिकार दिला आणि त्या नकारांवर मात करण्याचा मार्ग ठेवला नाही. न्यायाधीशाच्या नजरेला हक्कांची वाटणी नीट दिसली, राज्यकारभाराची ओढाताण तितकी दिसली नाही.

पंतप्रधानपद सोडल्यावरही तो काही वर्षे पहिल्या सभागृहात बसत होता आणि उप्साला आणि लुंड विद्यापीठांचा कुलपती होता. 1892 मध्ये, बूस्ट्रोमचे खास अधिवेशन भरले त्याच वर्षी, त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. 1896 मध्ये तो वारला. त्याची पहिल्या सभागृहाची हमी मात्र त्याच्यानंतरही बरीच वर्षे चालली. खेड्यांत एका मतदाराच्या मतांवर पहिली मर्यादा 1900 मध्ये आली, कराप्रमाणे मते मोजण्याची पद्धत 1918 च्या निर्णयाने गेली, आणि स्त्रीपुरुष सर्वांच्या मताने पहिली निवडणूक सप्टेंबर 1921 मध्ये झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत पंतप्रधानपदी त्याचाच मुलगा होता, नाव लुई दे येर.